‘इव्हॅक्युएट’ दर वेळी चुकतंय? आधी ‘स्थलांतर’ हा शब्द तपासा

आधी लक्षणं बघा. खाली दिलेल्यांसारखं एखादं वाक्य तुमच्या वहीत, बातमीत किंवा अर्जात सापडलं, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे. इंग्रजी ‘इव्हॅक्युएट’ म्हणजे धोक्याची जागा रिकामी करणं, किंवा तिथल्या माणसांना बाहेर हलवणं. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत. मोठ्याने वाचा, चूक डोळ्यांआधी कानाला कळते.

- ‘द व्हिलेजर्स वेअर मायग्रेटेड टू द झेडपी स्कूल.’ (पुरात गावकऱ्यांना शाळेत हलवलं, असं म्हणायचं होतं.)
- ‘द पीपल वेअर व्हेकेटेड फ्रॉम द रिव्हर बँक.’
- ‘वी इव्हॅक्युएटेड अवर रूम इन जून.’ (भाड्याची खोली सोडली होती. ना पूर, ना आग.)
- ‘आफ्टर द अर्थक्वेक, फिफ्टी टू व्हिलेजेस वेअर इव्हॅक्युएटेड.’
- ‘द फॅमिली फ्लू फ्रॉम द व्हिलेज ॲट नाइट.’
- ‘टू हंड्रेड व्हिलेजर्स वेअर इव्हॅल्युएटेड.’

मी लातूरला स्पर्धा परीक्षेच्या मुलांचा भाषांतराचा वर्ग घेते. संध्याकाळी तालुक्याचे एक-दोन वार्ताहर इंग्रजी मजकूर तपासायला पाठवतात, कधी गावाकडून अर्ज येतात. पावसाळा लागला की दर वर्षी हीच सहा वाक्यं, गावांची नावं बदलून, माझ्यासमोर येतात. इतक्या वेळा दुरुस्त केल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मुलांचं इंग्रजी कच्चं असतं म्हणून हे होत नाही. बिघाड आपल्या मराठी वाक्यातच असतो, ‘स्थलांतर’ या एका शब्दात.

हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो बघा. बीडचं कुटुंब कोयता घेऊन ऊसतोडीला गेलं, स्थलांतर. धरणाच्या पाण्यात गाव गेलं आणि माळावर नवं वसलं, तेही स्थलांतर. पुराच्या भीतीने वस्ती एका रात्रीसाठी शाळेत नेली, बातमीत पुन्हा ‘200 जणांचे स्थलांतर’. एखादं ऑफिस नव्या इमारतीत गेलं तरी फलक लागतो, ‘कार्यालय स्थलांतरित’. इंग्रजीत या चार गोष्टींना चार वेगळी क्रियापदं आहेत. आपण एकाच शब्दातून चौघांकडे जायला निघतो आणि रस्ता चुकतो.

म्हणून खालच्या तपासण्या त्याच क्रमाने करा. पहिल्या दोनांना मिनिटभरही लागत नाही, आणि बहुतेक वाक्यं तिथेच सुटतात.

पहिली तपासणी: अक्षरं

सगळ्यात स्वस्त काम हे. ई, व्ही, ए, सी, यू, ए, टी, ई. एकच सी. पुष्कळ मुलं दोन सी लिहितात, कारण लसीचा ‘व्हॅक्सिनेट’ डोक्यात असतो. त्या शब्दाचं मूळ लॅटिनमधल्या गाईच्या नावात आहे, देवीची लस गाईच्या देवीपासून आली म्हणून. आपल्या शब्दाचं मूळ ‘व्हॅक्युअस’, म्हणजे रिकामा. ‘व्हॅक्यूम’ आणि ‘व्हेकन्सी’ याच घरातले. दोन्ही शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही.

मग सी आणि एल बघा. सीच्या जागी एल पडला की ‘इव्हॅल्युएट’ होतं, म्हणजे मूल्यमापन करणे. घाईत लिहिलेल्या बातमीत ही चूक मी अनेकदा पकडली आहे. स्पेलिंग तपासणारं यंत्र इथे कामाचं नाही, कारण शब्द बरोबर असतो, फक्त दुसराच असतो.

उच्चारात जोर ‘व्हॅ’वर द्या: इ-व्हॅ-क्यु-एट.

दुसरी तपासणी: ‘खाली’ करून बघा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी, आणि मराठवाड्याच्या माणसाला ती पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा सोपी जाते. पुस्तकी मराठीत ‘रिकामं करणे’ म्हणतात. आपल्याकडे दखनी उर्दूच्या शेजाराने ‘खाली करणे’ हा प्रयोग घरोघरी आहे. घर खाली कर. पोतं खाली कर.

आता कारखान्यावरचा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे आणा. गव्हाणीशी, म्हणजे ऊस उतरवतात तिथे, उभा असलेला माणूस काय म्हणतो? ‘ट्रॉली खाली झाली.’ आणि त्याच दमात, ‘ऊस खाली केला.’ ट्रॉली म्हणजे भांडं, ऊस म्हणजे आतला माल. आपण एकच क्रियापद दोघांना लावतो आणि कुणाचाही गोंधळ होत नाही.

‘इव्हॅक्युएट’ अगदी असंच चालतं. जागाही इव्हॅक्युएट होते आणि जागेतली माणसंही.

‘द पोलीस इव्हॅक्युएटेड द बिल्डिंग.’ ही ट्रॉली.
‘द पोलीस इव्हॅक्युएटेड द रेसिडेंट्स.’ हा ऊस.

मूळ अर्थ पहिला, जागा रिकामी करण्याचा. माणसांसाठीचा प्रयोग नंतर रुळला, आणि काही जुन्या वळणाच्या इंग्रजी जाणकारांना तो बराच काळ खटकत होता. त्यांचं म्हणणं असं की रिकामी होते ती इमारत, माणूस कसा रिकामा होईल? आज कुठलाही शब्दकोश दोन्ही प्रयोग देतो, त्यामुळे कुणी हटकलं तरी डगमगू नका.

ही तपासणी का महत्त्वाची? कारण शब्दयोगी अव्ययांचा निम्मा घोळ इथेच मिटतो. जागा कर्म असेल तर ती थेट येते, मध्ये ‘फ्रॉम’ लागत नाही. ‘इव्हॅक्युएट द व्हिलेज.’ माणसं कर्म असतील तर कुठून ते ‘फ्रॉम’ने आणि कुठे ते ‘टू’ने सांगा: ‘दे इव्हॅक्युएटेड द फॅमिलीज फ्रॉम द रिव्हर बँक टू द स्कूल.’ मागे ‘आउट’ जोडायची गरज नाही. ‘बाहेर’ हा अर्थ शब्दाच्या सुरुवातीच्या ‘इ’मध्येच आहे.

आणखी एक. कर्म न देताही हे क्रियापद चालतं. ‘द रेसिडेंट्स वेअर टोल्ड टू इव्हॅक्युएट.’ रहिवाशांना बाहेर पडायला सांगितलं. मुलं विचारतात, ‘मॅडम, पुढे काहीतरी राहिलंय ना?’ काही राहिलेलं नाही.

तिसरी तपासणी: धोका होता का?

खाली केलं, पण धोका नव्हता, तर शब्द ‘व्हेकेट’. भाड्याची खोली, वसतिगृहातली खाट, बसमधली सीट, निवडून आलेल्याची जागा, हे सगळं व्हेकेट होतं. ‘वी व्हेकेटेड द रूम इन जून.’

दोन्ही शब्दांचं मूळ एक असलं तरी व्याकरण वेगळं आहे. व्हेकेटचं कर्म जागा किंवा पद असतं, माणूस कधीच नसतो. ‘द पीपल वेअर व्हेकेटेड’ हे वाक्य म्हणूनच मोडतं. अतिक्रमण काढलं, भाडेकरूला कायद्याने बाहेर काढलं, तिथे ‘एव्हिक्ट’ लागतं आणि त्याला माणूस चालतो. नोटिशीत ‘व्हेकेट’ वाचून पूर येणार असं समजू नका. तिथे बहुधा कुणीतरी जागेवर हक्क सांगत असतं.

चौथी तपासणी: घड्याळ बघा

इथे थोडं थांबते, कारण मराठवाड्यात हा फरक फक्त व्याकरणाचा उरत नाही.

इव्हॅक्युएट म्हणजे धोका कोसळायच्या आधी, किंवा तो वाढत असताना, माणसांना तिथून हलवणं. 1939 साली ब्रिटनने शहरांतली मुलं खेड्यांकडे पाठवायला सुरुवात केली ती 1 सप्टेंबरला, आणि युद्ध जाहीर केलं 3 सप्टेंबरला. बॉम्ब पडायचे होते, मुलं आधीच निघाली. अशा माणसांसाठी असलेला ‘इव्हॅक्युई’ हा शब्द त्या काळात घरोघरी पोहोचला. आपल्या देशातलं उदाहरण हवं असेल तर ऑक्टोबर 2013 मधलं ‘फायलिन’ चक्रीवादळ घ्या. ओडिशाने वादळ किनाऱ्याला लागण्याआधी लाखो लोक हलवले. हे शंभर टक्के इव्हॅक्युएशन.

आता किल्लारीचा भूकंप. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गाव झोपेत होतं. त्या रात्री कसलीही पूर्वसूचना नाही. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद अंगावर आलं, सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या पहाटे कुणी कुणाला ‘इव्हॅक्युएट’ केलं नाही, करायला वेळच नव्हता. त्यानंतर जे झालं ते ‘रेस्क्यू’: ढिगाऱ्यात अडकलेल्याला बाहेर काढणं. रेस्क्यूमध्ये माणूस संकटाच्या तावडीत सापडलेला असतो आणि दुसरा कुणी येऊन त्याला सोडवतो.

पुराच्या बातमीत दोन्ही शब्द एकाच दिवशी लागू शकतात. जायकवाडीचे दरवाजे उघडणार म्हणून पैठणच्या सखल भागातली घरं आदल्या रात्री खाली केली, इव्हॅक्युएट. सकाळी छपरावर अडकलेल्या तिघांना बोटीने आणलं, रेस्क्यू. वार्ताहराने दोन्हींना ‘स्थलांतर’ म्हटलं, की इंग्रजीत कुठला शब्द घ्यायचा हे भाषांतरकाराला कळायची सोय उरत नाही. अशा वेळी मी वार्ताहराला फोन करते आणि एवढंच विचारते, ‘दादा, पाणी घरात शिरायच्या आधी नेलं की नंतर?’

मधली परिस्थितीही असते. युद्ध पेटलेलं आहे पण माणूस अजून सुखरूप आहे, तिथे इव्हॅक्युएटच चालतं. 2022 मध्ये युक्रेनमधून ‘ऑपरेशन गंगा’खाली विद्यार्थी आणले, 1990 मध्ये कुवेतमधून लाखाच्या वर भारतीय विमानांनी आणले, दोन्ही ठिकाणी हाच शब्द वापरला गेला. 1940 मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावरून तीन लाखांहून जास्त सैनिक समुद्रमार्गे काढले, इतिहासात त्यालाही इव्हॅक्युएशनच म्हणतात.

पाचवी तपासणी: माणसं परत येणार होती का?

इव्हॅक्युएशनमध्ये परतीचा रस्ता बहुधा मोकळा असतो. पाणी ओसरलं की माणसं गाळ काढायला घरी येतात. किल्लारीनंतर 52 गावं नव्या जागी वसवली, ती परत जुन्या जागी गेली नाहीत. त्याला ‘रिलोकेट’ किंवा ‘रीसेटल’ म्हणा. लक्षणांमधलं चौथं वाक्य इथे दुरुस्त होतं: ‘फिफ्टी टू व्हिलेजेस वेअर रिलोकेटेड.’

माझी आत्या औसा तालुक्यातली. ती आजही ‘जुनं गाव’ आणि ‘नवं गाव’ असं वेगवेगळं म्हणते. तिला एकदा विचारलं, तुम्ही गाव कधी सोडलं? ती म्हणाली, ‘आम्ही कुठं सोडलं गं? गाव उठलं.’ ‘सोडणे’ आणि ‘उठणे’ यांतला फरक तिला कुणी शिकवला नव्हता. कर्ता कोण, हे तिने बरोबर धरलं होतं. इंग्रजी वाक्य लिहिण्याआधी मला तिचं ते उत्तर आठवतं.

आणि ‘मायग्रेट’? तो ऊसतोडीचा शब्द. दसरा-दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या, ट्रक भरून माणसं पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात आणि उन्हाळ्यात परततात. पोटासाठी, हंगामासाठी. त्यामागेही नाइलाज असतो, पण पुराचं पाणी नसतं. व्याकरणही बघा: मायग्रेट माणूस स्वतः करतो, ‘वेअर मायग्रेटेड’ असं माणसांबद्दल सहसा लिहीत नाहीत.

ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ती महागात पडली. सुरुवातीच्या वर्षांत एका वस्तीच्या मदतीच्या अर्जाचं इंग्रजी मी केलं होतं. मराठीत होतं, ‘पुरामुळे 11 कुटुंबांचे स्थलांतर झाले.’ मी लिहिलं ‘मायग्रेटेड’. अर्ज शेरा मारून परत आला: ही कुटुंबं हंगामी स्थलांतरित असतील तर पुराच्या वेळी गावात होती याचा पुरावा जोडा. लोकांना पुन्हा कागद गोळा करावे लागले, महिना गेला. शब्द ‘इव्हॅक्युएटेड’ असता तर तो प्रश्नच निघाला नसता. त्यानंतर अर्जातलं ‘स्थलांतर’ मी विचारल्याशिवाय कधीच पुढे सरकू दिलेलं नाही.

सहावी तपासणी: स्वतः निघाले की कुणी काढलं?

इव्हॅक्युएटमागे बहुधा कुणाचा तरी हुकूम, योजना किंवा यंत्रणा असते. जिवाच्या भीतीने माणूस आपला आपण पळाला तर ‘फ्ली’. त्याचा भूतकाळ ‘फ्लेड’. ‘फ्लू’ हा ‘फ्लाय’चा, म्हणजे उडण्याचा भूतकाळ. ‘द फॅमिली फ्लू’ वाचणाऱ्याला कुटुंब विमानाने गेलं असं वाटेल.

1948 मध्ये रझाकारांच्या भीतीने मराठवाड्यातली कितीतरी घरं रातोरात गाव सोडून निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शी-सोलापूरकडे गेली. आजी-आजोबांकडून हे ज्यांनी ऐकलंय, त्यांनी ते लिहिताना ‘फ्लेड’ लिहावं. त्यांना न्यायला कुणाची गाडी आली नव्हती.

‘एस्केप’ त्याहून वेगळा: बंद जागेतून किंवा तावडीतून निसटणं. तुरुंगातून, जळत्या घरातून निसटलं तर ‘एस्केप्ड फ्रॉम’. जे अंगावर येणार होतं ते टळलं तर ‘फ्रॉम’ न लावता: ‘ही एस्केप्ड डेथ.’ मरण टळलं.

मुलांना यात सगळ्यात जड जातं ते कर्तरी आणि कर्मणी. आपल्या बातमीत कर्ता गाळायची सवय आहे: ‘200 जणांना हलवले.’ कुणी हलवलं ते माहीत नसेल तर इंग्रजीतही ते उघडं ठेवा: ‘टू हंड्रेड पीपल वेअर इव्हॅक्युएटेड.’ कर्ता हवाच म्हणून उगाच ‘द गव्हर्नमेंट’ घुसडू नका. पुष्कळदा गावातल्या पोरांनीच ट्रॅक्टर आणून लोकांना हलवलेलं असतं. तसं असेल तर तसंच लिहा, त्यांचं श्रेय भाषांतरात गळायला नको.

इथे थांबा, आणि जाणत्याकडे जा

वरच्या सहा तपासण्यांनी बातमी, निबंध, उत्तरपत्रिका, साधा अर्ज निभतो. काही कागदांवर मात्र मी स्वतः हात थांबवते.

जमिनीच्या जुन्या कागदात ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ असे शब्द दिसले, तर पूर किंवा युद्ध असा अर्थ लावू नका. फाळणीच्या काळात जे लोक देश सोडून पाकिस्तानात गेले त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी 1950 चा केंद्रीय कायदा होता, आणि हा शब्द त्या कायद्यातला आहे. मराठीत त्याला ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हणतात. पूर्वीच्या निजामी मुलखातल्या जमिनींवर अशी नोंद निघाली तर मालकीचा प्रश्न असतो. भाषांतर बाजूला ठेवा आणि महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाला मूळ कागद दाखवा.

कोर्टाच्या आदेशात ‘स्टे व्हेकेटेड’ असेल तर कुणी घर खाली केलेलं नाही, स्थगिती उठली आहे. याचा तुमच्या प्रकरणावर काय परिणाम, हे फक्त वकील सांगेल.

दवाखान्याच्या कागदावर ‘इव्हॅक्युएट’ आलं तर ते आणखी वेगळं. तिथे जुना ‘रिकामं करणे’ हा अर्थ अजून जिवंत आहे. साठलेली रक्ताची गाठ काढणं, पोट साफ होणं, अशा गोष्टींना तो शब्द लागतो. ‘मेडिकल इव्हॅक्युएशन’ म्हणजे मात्र रुग्णाला दुसरीकडे हलवणं. वाक्य एकच दिसेल, अर्थ दोन. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरच्यांना काही सांगू नका.

विम्याचा दावा आणि नुकसानभरपाईचे मोठे अर्जही मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडूनच करून घ्या. एका शब्दाने महिना कसा जातो ते वर सांगितलंच.

आणि खरोखर पाणी चढत असताना, गावाच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर कुणी इंग्रजीत तपासायला पाठवला, तर तो तपासूच नका. आधी जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला 1077 वर फोन लावा आणि खात्री करून घ्या. मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला नदीकाठच्या एका विद्यार्थ्याचा मेसेज आला, ‘मॅडम, प्लीज इव्हॅक्युएट बरोबर आहे का?’ मी विचारलं, कंट्रोल रूमला लावलास का? तो म्हणाला, लावला, त्यांनी निघा म्हणून सांगितलंय. मग मी त्याचं वाक्य तसंच सोडून दिलं आणि खाली लिहून पाठवलं: ‘पाणी सोडलंय. घर खाली करा. म्हाताऱ्यांना आधी घ्या. सगळे शाळेत या.’